शिंगे खोडा, गाठ मारा

व्हायकिंग धाटणीचे ग्रीटिंग कार्ड करायला बसलात, की आधी शिरस्त्राणावरची शिंगे खोडा. ती व्हायकिंगांची नाहीतच. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या ‘रिंग’ या चार भागांच्या संगीतनाटकाचा पहिला संपूर्ण प्रयोग झाला. त्याचे पोशाख कार्ल एमिल डोपलर या चित्रकाराचे होते, आणि शिंगांची टोपी लोकांच्या डोक्यात पक्की बसली ती त्या काळापासून. खरे व्हायकिंग शिरस्त्राण नॉर्वेत येर्मुंदबूला १९४३ साली सापडले. गोल लोखंडी टोपी, डोळ्यांभोवती चष्म्याच्या चौकटीसारखी पट्टी, बस्स. डेन्मार्कमध्ये शिंगवाली शिरस्त्राणेही सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातली, म्हणजे व्हायकिंगांच्या दीड हजार वर्षांहूनही आधीची.

एवढ्याशा कार्डासाठी इतकी चौकशी कशाला, असे वाटेल. पण हे कार्ड ज्याच्या हाती पडणार तो बहुधा तिकडचा असतो. मुलाचा ऑस्लोतला साहेब, लेकीची डब्लिनमधली घरमालकीण, एडिंबराचे व्याही. त्यांनी दिवाळीला हौसेने कार्ड पाठवले आणि त्यावर पुंगी वाजवणारा गारुडी असला, तर आपण कार्ड कपाटावर मांडू खरे, पण मनात काय म्हणू ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून माझा पहिला सल्ला: थोडेच काढा, पण जे काढाल ते कुठून आले हे माहीत असू द्या.

बाजारात ‘व्हायकिंग-सेल्टिक’ असे जोडनाव चालते, तरी हे दोन हात वेगळे आहेत. सेल्टिक म्हणून आपण जी गुंतलेली गाठ ओळखतो ती मठांतली. साधारण सातव्या शतकापासून आयर्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या ख्रिस्ती साधूंनी कातड्याच्या पानांवर बायबलातली शुभवर्तमाने लिहिली, त्यांच्या सजावटीत ती बहरली. ड्युरोची पोथी, लिंडिसफार्नची पोथी आणि इसवी ८००च्या आसपासची केल्सची पोथी ही त्यातली मोठी नावे. त्याआधीचे, ख्रिस्तपूर्व काळातले सेल्ट गाठी फारशा काढत नसत. त्यांचा जीव वळणावळणाच्या सर्पिलांवर होता. आणि आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या दगडावरचे प्रसिद्ध तिहेरी सर्पिल तर सेल्टांच्याही फार आधीचे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्याखाली ‘सेल्टिक त्रिमूर्ती’ वगैरे छापू नका.

व्हायकिंगांची कला लाकडावर, धातूवर आणि दगडावर कोरलेली. तिचा नायक प्राणी. तो स्वतःभोवती गुंडाळलेला, शेजाऱ्याचा पाय पकडलेला, सापाला चावणारा असा असतो. अभ्यासकांनी तिच्या शैलींना सापडल्या जागांची नावे दिली आहेत: ओसेबर्ग, बोरे, येलिंग, मामेन, रिंगेरिके, ऊर्नेस. सगळी पाठ करायची गरज नाही. कार्डापुरत्या दोन पुरतात, त्याबद्दल पुढे.

दोन्ही एकत्र केलेले चालते का? चालते, आणि त्याला दाखलाही आहे. डब्लिन हे व्हायकिंगांनी ८४१ साली तळ ठोकला त्यातून वाढलेले शहर. पुढे आयरिश कारागिरांनी पाहुण्यांची ऊर्नेस शैली इतकी आपलीशी केली की ११२३च्या सुमारास घडवलेल्या ‘काँगच्या क्रुसावर’ तिचे लांबसडक प्राणी सर्रास दिसतात. हा क्रूस डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेव्हा मिसळायचेच असेल तर अशा एका वस्तूकडे पाहून मिसळा, दहा ठिकाणची कात्रणे जोडून नको.

आता गाठ. ही वाचून समजत नाही, हाताने समजते. पोराची गणिताची चौकडीची वही घ्या, पेन्सिल घ्या आणि सोबत करा.

आडवे सहा चौकोन, उभे चार चौकोन असा आयत आखा. वरच्या कडेवर डाव्या कोपऱ्यापासून चौकोन मोजत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या रेघेवर ठिपका द्या. खालच्या कडेवरही तसेच. डाव्या-उजव्या कडांवर पहिल्या आणि तिसऱ्या रेघेवर. एकूण दहा ठिपके झाले. आता वरच्या पहिल्या ठिपक्यापासून चौकोनांच्या कर्णावरून उजवीकडे खाली उतरत चला. कड लागली की कॅरमच्या सोंगटीसारखे उसळून तसेच पुढे. कुठेही न थांबता गेलात तर दहाही ठिपक्यांना शिवून तुम्ही सुरुवातीच्या ठिपक्यावर परत येता. रेघ एकच, आणि ती स्वतःलाच सात ठिकाणी छेदते. सात भरले नाहीत तर कुठेतरी कर्ण चुकला आहे, पुन्हा मोजा.

दक्षिणेकडचे कोलम पाहिले असेल त्यांना हे ओळखीचे वाटेल. आपली ठिपक्यांची रांगोळी बहुधा ठिपके जोडत जाते. कोलमची रेघ ठिपक्याला वळसा घालून जाते, आणि सेल्टिक गाठही मधल्या मोकळ्या जागांना तसाच वळसा घालते. हे नुसते दिसायला सारखे नाही, दोन्हींमागचे गणितही एक आहे. आडवे-उभे चौकोन निम्मे करा: सहाचे तीन, चाराचे दोन. तीन आणि दोन यांचा मसावि एक, म्हणून धागा एक. आयत सहा बाय सहा घेतलात तर तीन आणि तीनचा मसावि तीन, म्हणजे तीन सुटे धागे एकमेकांत अडकलेले. आठ बाय सहा घ्या, पुन्हा एकच धागा. शाळेत मसावि कशाला शिकवतात असे जे विचारायचे, त्यांना हे कार्ड पाठवा.

ही झाली नुसती चटईची वीण. तिची गाठ कशी होते हे जे. रोमिली ॲलन यांनी १९०४ साली मांडले, आणि जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला-शिक्षकाने १९५१च्या आपल्या पुस्तकात कागद-पेन्सिलीने करून दाखवले. युक्ती अशी: एखादा छेद खोडायचा आणि तिथे आलेल्या दोन्ही धाग्यांना एकमेकांपासून वळवून माघारी पाठवायचे. एक छेद मोडला की वीण उघडते, मोकळी जागा तयार होते आणि त्या जागेभोवती फासा दिसू लागतो. आपल्या सातातला मधला छेद मोडून पाहा. मोडताना धाग्यांची संख्या बदलू शकते, त्याची धास्ती घेऊ नका.

शेवटी वर-खाली. एक धागा धरा आणि चालत राहा: पहिल्या छेदावर वरून, दुसऱ्यावर खालून, पुन्हा वरून. हा क्रम बंद रेघेच्या कुठल्याही गुंत्यात शेवटपर्यंत बरोबर बसतो. हे गणिताने सिद्ध झालेले आहे. मी सुरुवातीला एक पूर्ण रविवार यात घालवला होता. शेवटच्या छेदावर दरवेळी ‘वर’वर ‘वर’ येई आणि मला वाटे, या आकृतीतच खोट असणार. खोट माझ्या वळणात होती. एका ठिकाणी दोनाऐवजी तीन रेघा एकाच बिंदूत घुसवल्या होत्या. तुमचे अडले तर पद्धतीला दोष देऊ नका, तीन रेघांचा तो चौक शोधा.

पेन्सिलीची रेघ म्हणजे धाग्याचा कणा. तिच्या दोन्ही बाजूंना समांतर रेघा ओढून त्याला जाडी द्या. चौकोन एक सेंटिमीटरचा असेल तर पाच-सहा मिलिमीटरची पट्टी शोभते. कोपऱ्यांवर वळण गोल ठेवू नका, किंचित टोकदार काढा. आयरिश पोथ्यांची चव तिथेच आहे. मग पार्श्वभूमी काळी भरा. ही पायरी लोक आळसाने गाळतात आणि मग गाठ पापडासारखी कागदावर पडून राहते. काळे भरले की तीच उठून येते.

सहा बाय चार सेंटिमीटरची एकच गाठ, कार्डाच्या मध्याच्या थोडी वर, बाकी पांढरे. मला विचाराल तर यापुढे काही नको. चारी बाजूंनी गाठींची महिरप घालण्याचा मोह होतो. त्याने कार्डाची लग्नपत्रिका होते.

गाठीच्या जोडीला काही जिवंत हवे असेल तर केल्सच्या पोथीतले चौतिसावे पान पाहा. ते प्रचंड अक्षरासाठी जगभर प्रसिद्ध आहे, पण माझे डोळे दरवेळी खाली जातात. तिथे एक पाणमांजर मासा तोंडात धरून बसले आहे, आणि बाजूला दोन उंदीर प्रार्थनेतल्या प्रसादाच्या चकतीवरून भांडताहेत व मांजरे शांतपणे त्यांच्याकडे बघताहेत. बाराशे वर्षांपूर्वी कुणा साधूला मठाच्या कोठीत दिसलेले दृश्य असावे. वाढदिवसाच्या कार्डाला यापेक्षा चांगले चित्र मला तरी सुचत नाही. पोथी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, आणि कॉलेजने तिची पाने ऑनलाइन मोफत पाहायला ठेवली आहेत. पाहून स्वतःच्या हाताने काढा. त्यांचा फोटो उतरवून तसाच छापून विकणे वेगळे. त्याला परवानगी लागते. आजच्या चित्रकारांनी रचलेल्या गाठींचेही तेच. शैली हजार वर्षांची असली तरी त्यांची रेघ त्यांच्या मालकीची असते.

व्हायकिंगांकडे वळायचे तर सोपी वाट ऊर्नेसची. नॉर्वेत ऊर्नेस गावी बाराव्या शतकातले लाकडी चर्च आहे. १९७९पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर बारीक अंगाचा, शिकारी कुत्र्यासारखा चार पायांचा प्राणी कोरलेला आहे आणि त्याच्याभोवती सुतासारखे साप. ही रेघ चौकडीवर बसत नाही, मनगटातून सुटावी लागते. मोठा इंग्रजी आठ एका दमात काढा. तो प्राण्याचा देह. मानेकडे जाड, शेपटीकडे निमुळता. मग त्यातून आरपार जाणारा दुसरा, एकसारखा बारीक साप. जाड आणि बारीक यांतला फरक स्पष्ट हवा. सगळ्या रेघा एका जाडीच्या झाल्या तर ऊर्नेस संपले. डोळा बदामी, जवळजवळ सगळे डोके व्यापणारा, टोक नाकाकडे. सममिती शोधू नका. सेल्टिक गाठीत डावे-उजवे जुळते, इथे तोल असतो पण जुळणी नसते. वीसेक कागद वाया जातील. जाऊ द्यात.

दुसरी शैली येलिंगची नाही, तर ज्या शिळेमुळे येलिंग गाजले तिची, म्हणजे मामेन. डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याने इसवी ९६५च्या सुमारास येलिंगला आई-वडिलांच्या स्मरणार्थ मोठी शिळा उभी केली. तिच्यावर सापाने वेढलेला रुबाबदार पशू आहे. हा राजा तुमच्या खिशात आहे: फोनवरचे ब्लूटूथचे चिन्ह म्हणजे त्याच्या नावातल्या ‘ह’ आणि ‘ब’ या दोन रून अक्षरांची जोडणी. आपल्या डेन्मार्कच्या मित्रांना हा पशू पाठवला तर ते लगेच ओळखतील, त्याच शिळेवरचे ख्रिस्ताचे चित्र त्यांच्या पासपोर्टात छापले गेले आहे.

आणि चित्रकलेची भीती असेल त्यांनी सरळ बुद्धिबळाच्या सोंगट्या काढाव्यात. १८३१ साली स्कॉटलंडच्या लुइस बेटावर वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेल्या बाराव्या शतकातल्या सोंगट्यांचा साठा सापडला. राणी गालाला हात लावून बसलेली, जणू दूध उतू गेले. हत्तीच्या जागी शिपाई, त्यातले काही चक्क आपली ढाल चावताहेत. परीक्षेला बसणाऱ्या भाच्याला ढाल चावणारा शिपाई पाठवा, वेगळा मजकूर लिहावा लागणार नाही.

रंगांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे आपली भाषा कामाला येते. त्या पोथ्यांतला तांबडा म्हणजे शिशाचा शेंदूर, तोच जो आपण मारुतीला लावतो. झगझगीत पिवळा म्हणजे हरताळ. आपल्याकडे पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, त्यावरून वाक्प्रचार आला. तिकडचे साधू त्याच हरताळाने देवदूतांची वस्त्रे रंगवत होते. निळ्याविषयी बराच काळ समजूत होती की तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. अलीकडच्या तपासण्यांत ती नीळ निघाली, झाडपाल्याची. हिरवा तांब्याच्या कळंकाचा. आणि केल्सच्या पोथीत सोनेरी वर्ख मुळीच नाही. जे सोन्यासारखे चमकते ते हरताळ. म्हणजे दुकानातली सोनेरी ग्लिटरची बाटली जागेवर राहू द्या. शिसे आणि हरताळ विषारी, तेव्हा आपण पोस्टर कलरच वापरायचे: शेंदरी, गडद पिवळा, निळीचा निळा, मोरचूदाकडे झुकणारा हिरवा. चारांतले तीनच एका कार्डावर. लिंडिसफार्नच्या पोथीत अक्षरांभोवती बारीक तांबड्या ठिपक्यांच्या रांगा आहेत. बारीक टोकाच्या पेनने तेवढे केले तरी साध्या अक्षराला पोथीची कळा येते.

रून अक्षरांत नाव लिहून देण्याची हौस फार असते. इथे जरा सांभाळून. व्हायकिंग काळातल्या रून वर्णमालेत अक्षरे फक्त सोळा. ‘क’ आणि ‘ग’ एकाच अक्षरात, ‘त’ आणि ‘द’ एकाच, ‘प’ आणि ‘ब’ एकाच. ऱ्हस्व-दीर्घ नाही, आपल्या ‘ट-ड’ची तर वेगळी सोयच नाही. परिणाम असा की ‘गीता’ आणि ‘किडा’ अगदी एकसारखे लिहिले जातात. त्याआधीची चोवीस अक्षरांची जुनी वर्णमाला घेतली तर ‘ग’ वेगळा मिळतो, पण ती व्हायकिंग काळाच्या पूर्वीची. मी नाव देवनागरीतच लिहितो आणि शिरोरेषेच्या जागी दोन चौकोन उंचीची वीण घालतो. दोन चौकोनांची उंची असली की लांबी कितीही सम चौकोन घ्या, धागा एकच राहतो आणि सुतळीच्या पिळासारखी वेणी तयार होते. खालून अक्षरे लोंबतात. डब्लिनमधल्या मराठी घरांना हे फार आवडते.

काही चिन्हांपासून मात्र लांबच राहा. दुहेरी ‘स’ रून आणि ‘ओडल’ नावाचे रून नाझींनी आपल्या गणवेशांवर मिरवले. वर्तुळातला आखूड समान बाह्यांचा क्रूस आज वंशद्वेष्ट्यांच्या झेंड्यांवर असतो. एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण गॉटलंडच्या जुन्या शिळांवर खरेच आहेत, पण त्यांना दिलेले ‘वाल्कनूट’ हे नाव आधुनिक आहे आणि तेही चिन्ह काही टोळ्यांनी पळवले आहे. डेन्मार्कमधल्या स्नोल्डेलेव्हच्या शिळेवर तर स्वस्तिक आहे. ते आपल्याला नवे नाही, म्हणून हातून सहज काढले जाईल. पण जर्मनीत नाझी चिन्हे दाखवणे कायद्याने गुन्हा आहे आणि टपाल वाटणारा माणूस शिळेचा इतिहास वाचून येत नाही. ‘व्हायकिंग होकायंत्र’ म्हणून विकले जाणारे आठ दांड्यांचे ‘वेग्विसिर’ हे निरुपद्रवी आहे, फक्त ते आइसलंडमधल्या १८६०च्या हस्तलिखितातले आहे. प्रवासाला निघालेल्याला खुशाल पाठवा, व्हायकिंग म्हणू नका.

सांत्वनाचे कार्ड असेल तर प्राणी नकोत. एक साधी गाठ, एका रंगात.

कागद तीनशे जीएसएमचा, गुळगुळीत. ए-५ आकाराचा कागद मधून दुमडला की ए-६ कार्ड होते आणि ते सी-६ पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या, नीट बसते. दुमडण्याआधी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने मधोमध दाबून रेघ मारा. शे-दोनशे प्रती छापायच्या असतील तर मूळ चित्र सहाशे डीपीआयला स्कॅन करा आणि छापणाऱ्याला ‘आधी क्रीज, मग घडी’ असे लिहून द्या. मी एकदा हे तोंडी सांगितले होते. माझी काळी पार्श्वभूमी घडीपर्यंत नेलेली होती, आणि दीडशे कार्डांच्या कण्यावर शाई तडकून पांढरी चीर उमटली. तेव्हापासून घडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा कोरी सोडतो.

आतला मजकूर. ‘ही गाठ म्हणजे अनंत प्रेम’ असे जे छापलेले असते त्याला जुन्या पोथ्यांत कुठेही आधार नाही. गाठींचे अर्थ त्या साधूंनी लिहून ठेवलेले नाहीत. प्रेमाचेच चिन्ह हवे तर आयर्लंडचे क्लाडा आहे: दोन हातांत हृदय, वर मुकुट, म्हणजे मैत्री, प्रेम आणि निष्ठा. ते अंगठीवरचे, चारेकशे वर्षांच्या आतले, आणि अर्थ सगळ्यांना ठाऊक. एरवी अर्थ तुमच्या शब्दांत लिहा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ पुरे: ‘ऊर्नेस चर्चच्या कोरीवकामावरून’, किंवा जे असेल ते.

त्यांच्या भाषेत दोन शब्द लिहिणार असाल तर रेघा तपासा. आयरिशमध्ये स्वरावर एक तिरपी रेघ येते, ‘फाडा’ म्हणतात तिला; आपल्या कान्यासारखीच ती अर्थ फिरवते. शॉन या नावातल्या ‘ए’वर ती रेघ दिली नाही तर उरलेल्या अक्षरांचा अर्थ होतो ‘म्हातारा’. लेकीच्या घरमालकिणीच्या नवऱ्याला साठाव्या वाढदिवसाचे कार्ड आम्ही तसेच पाठवले होते. त्यांनी ते फ्रिजवर लावले आणि रेघ स्वतः पेनने काढली.